पेन्सिलीचे ठिपके

आमच्या शाळेचा इतिहास लिहायला मला सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मुख्याध्यापक तरुण आहेत, करीमनगरकडचे तेलुगू गृहस्थ. माझ्याशी हिंदीत बोलतात आणि मी खोलीत शिरले की उठून उभे राहतात. निवृत्त होऊन आदिलाबादजवळ मावल्यात घर बांधून बसलेल्या बाईला असं उठून उभं राहणारं कोणी भेटलं की ती कुठल्याही कामाला तयार होते. शाळेच्या समारंभासाठी एक पुस्तिका काढायची होती. उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी, प्रत्येक भाषेत चार पानं. मराठीची चार पानं माझ्याकडे आली, कारण शाळेतली शेवटची मराठी शिक्षिका मीच. मुखपृष्ठावर स्टाफरूमच्या खिडकीखालच्या सीताफळाच्या झाडाचा फोटो घ्यायचं ठरलं होतं. एवढं देखणं झाड लावलं कोणी, असं मुख्याध्यापकांनी सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. मलाही विचारलं. उगवलं असेल आपोआप, असं मी म्हणाले.

ते झाड कसं उगवलं हे मला माहीत आहे. त्याचं एकही फळ मी आजवर तोंडाला लावलेलं नाही.

जुनी रजिस्टरं आमच्या मराठी वर्गाच्या खोलीत ठेवलेली होती. आता तिथं दुपारच्या जेवणाच्या तांदळाची पोती असतात. एका पोत्यावर रजिस्टर आणि दुसऱ्यावर मी, अशी माझी बैठक सुरू झाली. सुरुवातीची पानं निजामाच्या काळातली, सगळी उर्दूत. ती वाचून दाखवायला आमचे जुने उर्दूचे सर दोन दुपारी आले. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी पानाला नाक लावून वाचत होते. मुलाचं शाळेत येणं आणि शाळेतून जाणं ज्यात लिहितात त्या रजिस्टरला आमच्याकडे अजून दाखल-खारीज म्हणतात. त्यातला शेवटचा रकाना कैफियतीचा. मूल शाळा सोडून का गेलं, हे तिथं दोन शब्दांत लिहायचं. सर एकेक कैफियत वाचत गेले. बाप वारला. बदली झाली. पिकाच्या कामाला गेला. लग्न. बदली. पिकाच्या कामाला गेली. मी म्हणाले, सर, हाच खरा इतिहास, हाच छापू या. ते हसले आणि म्हणाले, “छापो बेटा, कौन पढता?”

त्यानंतरची पानं मराठीत सुरू होतात. मग राज्यांच्या सरहद्दी बदलल्या, पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र आणि अलीकडे आम्ही असे दोन भाग झाले, आणि रजिस्टरात तेलुगू आली. शाळा तीच, चिंचेचं झाड तेच, फक्त खोल्या वाटून घेतल्या. एका खोलीत मुलं “हजर” म्हणत, दुसरीत “हाज़िर”, तिसरीत “प्रेजेंट टीचर”. मधल्या भिंती पातळ, त्यामुळे आमचा एक विद्यार्थी तर उर्दूच्या हजेरीलाही ओ द्यायचा. कोणाचं कोणावाचून अडत नव्हतं. भांडणं झाली ती फक्त नळावर.

एका पानावर माझं नाव सापडलं. बापाच्या सहीच्या जागी अंगठा. बाबा सालगडी होते, आणि मला दाखल केलं त्या दिवशी शाई लागलेला अंगठा त्यांनी घरी येईपर्यंत धुतला नव्हता. आमच्या वस्तीतली मुलगी हायस्कुलात जाते हे येता-जाता लोकांना दिसावं म्हणून. त्या पानावर मी बराच वेळ हात ठेवून बसले. पण मला भीती होती ती बऱ्याच पुढच्या एका पानाची, आणि ते पान काही मी त्या दिवशी उलटलं नाही.

ठिपक्यांचं आधी सांगते.

आमच्या भागात दिवाळीनंतर कापूस फुटतो आणि मराठी वर्ग रिकामा होतो. मी शिकत होते तेव्हाही व्हायचा. मुलं आईबापाबरोबर वेचणीला जात आणि संक्रांतीच्या आसपास परत येत. इतके दिवस गैरहजेरी लागली तर नाव कमी होणार, आणि एकदा कमी झालेलं नाव परत चढवायला कोणाचा बाप येणार नाही. म्हणून आमच्या मराठीच्या गुरुजींनी एक पद्धत पाडली होती. वेचणीला गेलेल्या मुलाच्या रकान्यात ते गैरहजर लिहीत नसत, हजरही लिहीत नसत. पेन्सिलीनं एक ठिपका देत. रविवार आला की सायकल काढून शेतोशेत फिरत. ज्या मुलाला डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या आठवडाभराच्या ठिपक्यांवर शाईनं हजर लिहायचं. दिसलं नाही तर ठिपका तसाच. मग घर गाठायचं आणि पोरगं कुठं आहे ते विचारायचं.

मला ते असंच शोधत आले होते. मी कापसात कंबरेपर्यंत बुडालेली, ओटीत कापूस, बोटांना बोंडाचे ओरखडे. बांधावर सायकल आडवी टाकून त्यांनी मला हाक मारली आणि तिथंच सतराचा पाढा म्हणायला लावला. माझा पाढा चुकला. गुरुजी आईला म्हणाले, “बाई, पोरगी हुशार हाय. संक्रांतीले धाडजा, नाईतर मी परत येतो.” आईनं पदर डोक्यावर घेतला आणि हो म्हणाली. त्या ठिपक्यांवर मी शिकले, नोकरीला लागले, आणि त्यांच्याच खुर्चीवर येऊन बसले. त्यांच्याकडून ठिपके उचलले. सायकल उचलली नाही.

माझ्या काळापर्यंत मराठी वर्ग सुकत आला होता. लोक आपली मुलं इंग्रजीत घालायला लागले, आणि त्यांचं चूक म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं, कारण माझा स्वतःचा मुलगा कॉन्व्हेंटमध्ये होता. पट अमुक आकड्याच्या खाली गेला की वर्ग बंद करणार, असं वरून कानावर यायचं. दर वर्षी आम्ही त्या आकड्याच्या काठावर उभे असायचो. दोन पोरं इकडे, एक पोरगी तिकडे, एवढाच काय तो हिशेब. वर्ग बंद झाला तर मला उटनूरच्या जंगलात आतल्या एखाद्या गावी पाठवतील ही भीती होतीच, ती मी लपवत नाही. पण गुरुजींची खोली माझ्या हातानं बंद होणार, ही भीती त्याहून मोठी होती.

जिच्या नावाचं पान मी उलटत नव्हते, ती मुलगी तेव्हाची. नववीत होती. बाप बाजारहत्नूरकडचा माळी, वांगी-मिरच्या पिकवणारा. आई नव्हती. गावाजवळ मराठी हायस्कूल नाही म्हणून बापानं तिला आदिलाबादला मावशीकडे ठेवली होती. डावखुरी होती आणि लिहिताना जीभ बाहेर काढायची. बापाबरोबर बाजारात बसून बसून तेलुगू तिला माझ्यापेक्षा चांगली येई. ऑफिसातून आलेलं तेलुगू पत्र मी चुपचाप तिच्यापुढे सरकवायची, आणि ती वाचून सांगताना असा चेहरा करायची की शिक्षिका तीच आणि मी नापास झालेली. एकदा मी रागावले तर म्हणाली, “मॅडम, तुमी तेलुगू शिकून काऊन नाई घेत? मी काय जन्मभर इथंच राहू का?” वर्ग हसला. मीही हसले.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. मला वाटलं, बापाकडे गावी राहिली असेल, वेचणी उरकून येईल. मी ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी ठिपका. तीन आठवडे ठिपके. तिच्या मावशीचं घर शाळेपासून चालत पाऊण तास. मी गेले नाही. काय काम होतं मला? काही नाही. संध्याकाळी थकवा यायचा, एवढंच.

एका बुधवारी निरोप आला की तपासणीला साहेब येणार. मी मंगळवारपर्यंतचे सगळ्यांचे ठिपके शाईनं भरून टाकले. तिचेही. एकालाही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. साहेब आले, रजिस्टर चाळलं, चहा घेतला, गेले. वर्ग वाचला. हाताला अशी सवय लागली की पुढच्या दिवसांपासून मी पेन्सिलीच्या भानगडीत पडलेच नाही, सरळ शाईनं हजर लिहीत गेले.

पुढच्या सोमवारी मी उटनूरला प्रशिक्षणाला गेले होते. त्या दिवशी तिचा बाप शाळेत आला. मावशीचा फोन लागेना म्हणून पोरीला भेटायला थेट शाळेतच आला. आमच्या कारकुनानं रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं आणि सांगितलं, पोरगी रोज हजर आहे. मराठीचा वर्ग त्या दिवशी तेलुगूच्या वर्गाबरोबर बसवला होता आणि आतून धड्याचा आवाज येत होता. बाप व्हरांड्यात थोडा वेळ उभा राहिला. अभ्यासात कशाला अडथळा आणायचा, असं म्हणाला. पिशवीभर सीताफळं आणली होती ती कारकुनाकडे दिली. वरची पिकलेली आहेत, आज खा म्हणावं, आणि खालची चार कच्ची, ती चार दिवसांनी पिकतील, तेव्हा खा म्हणावं. एवढं समजावून तो दुपारच्या गाडीनं परत गेला.

मंगळवारी मी शाळेत आले तर पिशवी स्टाफरूमच्या कपाटावर. कारकुनानं सगळं सांगितलं. मी म्हणाले, येईल ती, ठेवा. गुरुवारपर्यंत स्टाफरूममध्ये असा वास सुटला की कोणाचं पुस्तकात लक्ष लागेना. खालची चारही वेळेआधी मऊ पडली होती. कोणी तरी म्हणालं, नासतील हो. मी म्हणाले, ती काही येत नाही, खाऊन टाकू. पिशवी मीच सोडली. आम्ही सहा जण होतो. बिया खिडकीतून बाहेर टाकत होतो, आणि कोणाची बी लांब जाते याची पैजही लागली.

आता जे सांगते ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. दुसरं सीताफळ फोडलं तेव्हा मला कळलं. बाप तिला भेटायला इथं आला, म्हणजे ती बापाकडे नाही. इथं नाही, तिथं नाही, मग पोरगी आहे कुठं? तोंडात गर होता. त्याच क्षणी उठून मावशीच्या घरी जायला हवं होतं. आणि मी मनाशी म्हणाले, गेले तर विचारतील, रजिस्टरात हजर कशी? सोमवारी बघू. मी बी थुंकली आणि उरलेलं सीताफळ खाल्लं. गोड होतं, हेही मला आठवतं.

पोरगी पैनगंगेपलीकडे होती, हे मला पुढे मावशीनंच एकटीला गाठून सांगितलं. दिवाळी झाल्यावर मावशी वेचणीला गेली आणि तिला बरोबर घेऊन गेली, तिच्या बापाला न सांगता. बाप सोमवारी व्हरांड्यात उभा होता तेव्हा ती शेतातल्या एका टिनाच्या खोपटात तापानं पडली होती. ताप उतरेल म्हणून वाट पाहत राहिले. शुक्रवारी ती गेली. शाळेपासून ते शेत बसनं आणि पायी धरून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर होतं.

बातमी आली तसे आम्ही शिक्षक तिच्या गावी गेलो. अंगणात माणसं बसली होती. बाप ज्याला त्याला एकच गोष्ट सांगत होता. “सोमवारी गेल्तो मी शाळेत. वर्गात बसून शिकून राह्यली होती. मी भेटलो नाई, म्हटलं अभ्यास मोडते. पण माहे सीताफळं खाल्ले तिनं. तेवढं तरी झालं.” कोपऱ्यात मावशी बसली होती. पोरगी मंगळवारी शाळेतून सुट्टी काढून आपल्याकडे शेतावर आली आणि दोन दिवसांत तापानं गेली, असं मावशीनं सांगितलं होतं. माझ्या खोट्याच्या आधारानं तिनं तिचं खोटं उभं केलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. सीताफळं कोणी खाल्ली हे बाकीच्या शिक्षकांनाही ठाऊक होतं, पण ही दोन्ही खोटी आम्हा दोघींनाच, आणि तोंडाला कुलूप सगळ्यांच्याच. ती मावशीही पुढे वारली.

दोन वर्षांनी मराठी वर्ग बंद झालाच. उरलेली पोरं तेलुगूत बसवली आणि मला तिथंच हिंदी शिकवायला ठेवलं. म्हणजे ज्यासाठी ते सगळं केलं, ते दोन वर्षांचं काम निघालं. खिडकीखाली तोवर सीताफळाचं रोप गुडघ्याएवढं झालं होतं. शिपायानं तणाबरोबर उपटायला घेतलं तर मी ओरडले. का ओरडले, मला सांगता यायचं नाही. झाड वाढत गेलं, आणि माझी खुर्ची मी खिडकीकडे पाठ करून फिरवून घेतली. हजेरी घेताना तिच्या नंबराशी माझा आवाज अडखळायचा. तो नंबर पुढे दुसऱ्याच मुलांना मिळत गेला, ती “प्रेजेंट टीचर” म्हणायची, आणि मला दर वेळी वाटायचं की मागून कोणी तरी हळूच “हजर” म्हणालं. निवृत्त झाल्यावर सुटेन असं वाटलं होतं. सुटले नाही. आजही बँकेत, दवाखान्यात कोणी नावं पुकारायला लागलं की मी एका नावाची वाट पाहते.

चार पानं मी आठ दिवसांत लिहून काढली. निजाम, उर्दू, चिंच, नळावरची भांडणं, गुरुजींची सायकल. मुलगी नाही. मुख्याध्यापकांनी दुभाष्याकडून ऐकून घेतली, खूश झाले. मग तारखा पडताळायला म्हणून त्यांनी दाखल-खारीज ओढलं आणि नेमकं ते पान उघडलं, जे मी उलटत नव्हते. ओळीवरून बोट फिरवता फिरवता थांबले. दाखल झाल्याची तारीख आहे, खारीजचा रकाना रिकामा, कैफियत रिकामी. पटावरचं नाव कमी करायचं काम माझ्याकडे होतं, आणि तिथं काय लिहावं हे मला कधीच सुचलं नव्हतं. ते हसले. भला माणूस, त्यांना काय माहीत. म्हणाले, “मॅडम, ये बच्ची तो अभी भी अपने स्कूल में है.” आणि पेन माझ्यापुढे धरलं, भरून टाका म्हणून.

मला पेन धरता आलं नाही. मी म्हणाले, आधी एकाला विचारून येते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाजारहत्नूर गाठलं. तिथून रिक्षानं गाव. बाप शेतातच होता, वांगी तोडत. केस सगळे पांढरे, पाठ वाकलेली, पण मला लांबूनच ओळखलं. बांधावर पोतं अंथरून दिलं, हात धुऊन पाणी आणलं. पोरांचं, तब्येतीचं विचारलं. मग मला काही बोलायची सवड न देता स्वतःच सुरू झाला.

“मॅडम, तुमी आले तं तिची याद आली. सोमवारी गेल्तो मी. शिकून राह्यली होती. माह्या मनात येते, भेटलो असतो तं काय झालं असतं? पण सीताफळं खाल्ले तिनं. म्हणून मी अजून झाडावरचे पहिले सीताफळं तिच्या नावानं ठेवतो.”

मी म्हणाले, “भाऊ, ती वर्गात नव्हती.”

मी थांबले नाही. थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. दिवाळीनंतर ती एकही दिवस शाळेत आली नाही, रजिस्टरात मी खोटं लिहिलं, वर्ग वाचावा म्हणून लिहिलं. तुम्ही आलात तेव्हा ती नदीपलीकडे तापानं पडली होती. मला गुरुवारी कळलं होतं आणि मी गेले नाही. सगळं सांगितलं, क्रमानं, वर्गात धडा सांगावा तसं.

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. मारलं असतं तरी मी उठले नसते. तो हातातल्या वांग्याचा देठ खुडत बसला. एवढ्या वर्षांचा तो सोमवार त्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यापासून परत चालला असावा, व्हरांडा, वर्गाचा आवाज, कारकुनाचं बोट, पिशवी. पिशवीपाशी तो थांबला.

“मंग ते सीताफळं कोणं खाल्ले?”

“आमी,” मी म्हणाले. “आमी शिक्षकांनी.”

“खालचे चार कच्चे होते. ते मागून खायसाठी ठेवले होते तिले.”

“ते पण, भाऊ. ते पण खाल्ले.”